महाळुंगाचं अत्तर कुणी केलं

बेळगावात आणि निपाणीत ज्यांनी आमच्या दुकानातून महाळुंगाचं अत्तर नेलं, त्यांना ते मी केलं असंच माहीत आहे. ते मी केलेलं नव्हतं. ते माझ्या थोरल्या बहिणीनं, आक्कानं केलं. गेल्या श्रावणात ती जांबोटीला वारली. तिच्या हयातीत हे चारचौघांत सांगायला हवं होतं. तेव्हा झालं नाही, म्हणून आता लिहितो आहे.

आक्का माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. जांबोटीला दिली होती. तिच्या चोविसाव्या वर्षी नवरा गेला, मूलबाळ नव्हतं, वडिलांनी तिला परत घरी आणली. पुढं वडील गेले, माझी बायको पहिल्याच बाळंतपणात गेली, आणि घरात आम्ही दोघंच उरलो. मी दुकान बघायचो, ती घर.

दुकान तपकिरीचं. त्याच्या जोडीला उदबत्ती, कापूर, अष्टगंध आणि थोडीफार अत्तरं. अत्तरं आम्ही बाहेरून आणायचो आणि लहान कुप्यांत भरून विकायचो. तपकीर मात्र घरची. निपाणीहून तंबाखू यायची, माडीवर कुटून चाळून तिची तपकीर व्हायची. माझ्या बोटांना, सदऱ्याला, उशीलासुद्धा तिचा वास होता. मला तो येत नसे. आक्काला येई.

तिचं नाक विलक्षण होतं. दूध नासणार हे तिला आदल्या संध्याकाळी कळायचं. एकदा एका व्यापाऱ्यानं गुलाबाचं अत्तर दाखवायला ठेवलं. मी कुपी आत नेली. तिनं बूच काढलं, पुन्हा लावलं आणि म्हणाली, "ह्यात गुलाब कमी हाय, रोशा गवत जास्ती." मी बाहेर येऊन तेच ऐकवलं. व्यापारी चपापला आणि म्हणाला, "तुमचं नाक लई तिखट दिसतंय, शेट." मी हसलो. नाक माझं नाही, हे बोललो नाही. आता मागं वळून बघताना वाटतं, सुरुवात तिथंच झाली.

एका थंडीत तिनं मुरंब्यासाठी महाळुंगं आणवली. कन्नड खेड्यांतल्या बायका बाजारात ती 'मादळ' म्हणून विकतात. लिंबाच्या जातीची, ओबडधोबड, जाड सालीची मोठी फळं. साल काढताना तिनं एक तुकडा दोन बोटांत दाबला, सालीतून बारीक फवारा उडाला आणि सगळं स्वयंपाकघर त्या वासानं भरलं.

"हे बाटलीत धरता आलं पायजे," ती म्हणाली.

"लिंबाचं अत्तर कोण घेणार गं?"

"कोण न्हाय घेतलं तर तू लाव. तुझी तपकीर तरी झाकंल."

आधी आम्ही तांब्याच्या भांड्यात साली उकळून वाफेवर तेल काढलं. त्याला शिजलेल्या सालीचा वास यायचा. मग आक्कानं स्वतःची रीत शोधली. जुन्या, मऊ झालेल्या लुगड्याचा धडपा वाटीवर धरायचा, साल त्यावर उलटी दाबायची, धडपा ओला झाला की पिळायचा. टोपलीभर फळांमागं जेमतेम बोटभर तेल निघायचं, पण ते जिवंत असायचं. ते चंदनाच्या तेलात घातलं तर पहिली पाच मिनिटं फार सुंदर वाटायचं आणि नंतर उरायचं नुसतं चंदन. लिंबू थांबतच नव्हतं. त्याला धरून ठेवायला तिनं लवंग घातली, दालचिनी घातली, वेलदोडा घातला. लवंग वाढली की दाढदुखीचं औषध व्हायचं. दालचिनी वाढली की मसालेभात.

"पुढं लोणच्याची बरणी, मागं वैद्याचं दुकान," आक्का म्हणायची, "मधी काईच न्हाय."

अत्तराची पारख कापडावर होत नाही. अंगाची ऊब लागली की त्याचा वास बदलतो, म्हणून ते मनगटावर लावून दिवसभर बघावं लागतं. आक्काला ते करता येत नव्हतं. कुंकू नाही, फूल नाही, अत्तर नाही, हे तिला कुणी सांगावं लागत नव्हतं. हळदीकुंकवाला बायका एकमेकींच्या मनगटाला अत्तर लावतात, आणि जिथं तिनं जायचंच नव्हतं तिथल्यासाठीच ती हे अत्तर करत होती. तेव्हा मनगट माझं ठरलं. दोन दिवस तपकिरीला हात लावायचा नाही, शिकेकाईनं हात धुवायचे आणि सकाळी तिच्यासमोर बसायचं. ती थेंब लावायची, डोळे मिटायची आणि माझा हात नाकापासून वीतभर लांब धरायची. मग दुपारी जेवणाआधी, मग दिवेलागणीला.

"सकाळी काय खाल्लास?"

"भाकरी."

"आणि कांदा. ऊठ, जा. आजचा दिवस गेला."

अशी तीन वर्षं गेली. तिसऱ्या वर्षी तिच्या जावेनं जांबोटीहून तिरफळांची पुरचुंडी पाठवली. तिरफळ म्हणजे त्या रानातलं मिऱ्याएवढं फळ. वाळलं की तोंड उघडतं, आत काळी बी दिसते. कोकणातले लोक ते माशाच्या आमटीत घालतात. आक्कानं बी काढून टाकली, टरफल बोटांवर चुरडलं आणि कितीतरी वेळ ती तशीच बसून राहिली. मग बोटं माझ्यापुढं धरली. संत्र्याच्या सालीचा वास होता, पण झणझणीत. त्यात लिंबूही होतं आणि मसालाही.

"हे मधी घालायचं," ती म्हणाली.

"हळदीकुंकवाच्या अत्तरात माशाच्या आमटीतलं?"

"मासा आमटीत असतोय रं. ह्यात न्हाय."

टरफलं कोमट चंदनतेलात आठ दिवस मुरत ठेवली आणि जे तीन वर्षं जमलं नव्हतं ते जमलं. लावल्याबरोबर महाळुंगाची साल नखानं खरवडावी तसा गार, किंचित कडू वास. तो उडून जायच्या आत तिरफळ त्याची जागा घ्यायचं, त्यामुळं लिंबू गेलं हे कळायचंच नाही. त्याच्या मागून वेलदोडा आणि लवंग हळूहळू ऊब द्यायची. संध्याकाळी चंदन अंगाला लागून राहायचं, आणि दुसऱ्या दिवशी आंघोळीनंतरही मनगटावर पुसट वास सापडायचा. आक्कानं तो माझ्या मनगटावर शोधला आणि म्हणाली, "आता बसलं."

एक अडचण मात्र राहिली. महाळुंगाचं तेल शिळं झालं की टर्पेंटाईनसारखी घाण मारतं. म्हणून बाकीचं सगळं आधी करून ठेवायचं आणि ते तेल ज्या दिवशी अत्तर द्यायचं त्या दिवशी घालायचं. फळ बदललं की थेंब बदलायचे. किती, ते फक्त आक्काला कळायचं, तेही मनगटावर बघून.

अत्तराचं नाव झालं. दुकानात बायका विचारायच्या, "कुणी केलंय हो?" मी म्हणायचो, "घरीच केलंय." त्या म्हणायच्या, "म्हणजे तुम्ही?" मी म्हणायचो, "व्हय." पडद्याआड बसून आक्का ते ऐकायची. एकदा ती म्हणाली, "बरं केलंस. माझं नाव घेतलंस तर हळदीकुंकवाला कोण न्हेणार न्हाय." ती परवानगी आहे असं मी धरलं. ते ती का म्हणाली असेल, तिला ते म्हणताना काय झालं असेल, याचा विचार मी केला नाही.

निपाणीतल्या तंबाखूच्या एका मोठ्या वखारीच्या मालकीणबाईंकडून निरोप आला. रथसप्तमीच्या हळदीकुंकवाला त्यांना आमचं अत्तर हवं होतं, आणि पसंत पडलं तर पुढं मुलीच्या लग्नालाही. अत्तर ताजं करायचं तर आक्कानं सोबत येणं भाग होतं. मी त्यांना सांगितलं, बहीण येते आहे, मदतीला. आम्ही आदल्या दिवशी सर्व्हिस मोटारीनं गेलो. माघाचे दिवस, नवा माल वखारीत यायला लागलेला. निपाणीत त्या दिवसांत श्वासाबरोबर तंबाखू आत जाते. पाण्याच्या घागरीवर तिची धूळ बसते, वाळत घातलेल्या धोतरात ती असते.

सकाळी मागच्या कोठीच्या खोलीत आम्ही कुप्या मांडल्या. आक्कानं माझ्या मनगटाला थेंब लावला, हात लांब धरला आणि सोडून दिला.

"काय कळत न्हाय. नुसती तंबाखू हाय."

मी परसात जाऊन शिकेकाईनं हात धुतले. राखेनं घासले. परत आलो. तिनं वास घेतला आणि मान हलवली. "गावालाच वास हाय, तू किती धुशील?"

तासाभरात बायका यायच्या होत्या. पाच थेंब की दहा, हे ठरत नव्हतं. तिचा हात मात्र स्वच्छ होता. ती पहाटे न्हाऊन या बंद खोलीत बसली होती, बाहेर आलीच नव्हती.

"तुझ्याच हाताला लाव," मी म्हणालो.

तिनं माझ्याकडं बघितलं. "मी?"

"लाव की. हितं कोण बघायलंय?"

हे शब्द माझे आहेत. त्यात काही कमीजास्त केलेलं नाही.

तिनं लावलं. वीस वर्षांत पहिल्यांदा. मनगट नाकाशी नेऊन डोळे मिटून ती बसली, आणि तिचा चेहरा असा झाला की मला तिथं थांबणं बरं वाटेना. मी दारात जाऊन उभा राहिलो. थोड्या वेळानं आतून आवाज आला, "नऊ." तिनं पहिल्या कुपीत नऊ थेंब टाकले.

तेवढ्यात मालकीणबाईंची म्हातारी आत्या वाती न्यायला आली. दोन पावलं आत टाकून ती थबकली. "कुणाच्या अंगाचा गं हा वास?" म्हणत सरळ आक्काकडं गेली आणि तिचा हात धरून नाकाशी नेला. मग मागं वळून तिनं मालकीणबाईंना हाक मारली.

"बघ हिकडं. सवाष्णी अजून यायच्या हाईत, आणि ही आधी लावून बसलीया."

मालकीणबाई आल्या. रागावलेल्या दिसल्या नाहीत, घाईत होत्या. त्यांनी आक्काला काही विचारलं नाही. मला विचारलं, "हे काय हो?"

मला तेव्हा एकच दिसत होतं. अत्तर कुणाच्या हातचं आहे हे आता बाहेर पडणार, मुलीच्या लग्नाचं काम जाणार, आणि निपाणीतून बेळगावात सगळीकडं होणार की ह्यांचं हळदीकुंकवाचं अत्तर विधवा बहीण करते. मी म्हणालो, "मी भाईर हुतो. कुपी उघडी ऱ्हायली असंल."

आक्कानं माझ्याकडं बघितलं.  मग आत्याच्या हातातून आपला हात सोडवून घेतला आणि खाली बघून म्हणाली, "चुकलं माझं."

"त्या कुपीतलं नको," मालकीणबाई म्हणाल्या. "दुसरी द्या."

आक्का परसात गेली. दुसऱ्या कुपीत महाळुंगाचं तेल मीच घातलं, घाईत, नऊ मोजायचं भान न ठेवता. सहा की सात थेंब पडले असतील. ती कुपी माजघरात गेली. दोन तास बायका येत होत्या, मनगटं पुढं करत होत्या, आणि जाताना मालकीणबाई मला मुद्दाम सांगायला आल्या, की सगळ्यांनी वाखाणलं.

परसात आक्कानं राखेनं हात घासला होता. मग चिंचेनं. मनगट लाल झालं होतं. वास गेला नव्हता. तो जाऊ नये म्हणून तीन वर्षं खपली होती ती.

परतीच्या मोटारीत तिनं हात पदराखाली घेतला होता. शेजारच्या बाकावरची एक बाई इकडं तिकडं बघत म्हणाली, "काय गोड वास यायलाय बाई. कुणाच्या लग्नाला गेलता व्हय?"

आक्का म्हणाली, "माझ्या भावाचं दुकान हाय."

त्यानंतर बेळगाव येईपर्यंत ती एकदाच बोलली. खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, "तू लाव म्हणालास, तेवढं तरी सांगायचंस."

आठ दिवसांनी, जाऊ आजारी आहे असा निरोप आलाय म्हणून ती जांबोटीला गेली. निरोप खरा होता की नाही ते मी विचारलं नाही. मी एकट्यानं अत्तर करू लागलो. त्याला मागून एक कडवट घाण यायची. मला ती जाणवायची, पण कशाची ते कळायचं नाही. वर्षभरानं मी जांबोटीला गेलो. मोटार निम्म्या वाटेवर थांबली, पुढं चालत गेलो.

"चल घरी," मी म्हणालो.

"घरी मी पायजे का माझं नाक?"

"दोन्ही."

"हे खरं बोललास." ती गोठा झाडत होती, हात थांबवला नाही. "निपाणीला जा. त्या बाईला सांग, लाव म्हणून तूच सांगितलंस. मग न्यायला ये."

"जातो."

मी गेलोही. त्याच महिन्यात. मालकीणबाईंनी ओसरीवर बसवलं, चहा दिला, लग्नासाठी कुप्या मागितल्या. वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. मी कुप्यांचं बोललो आणि परत आलो. लग्न होऊन जाऊ दे, मग सांगू, असं ठरवलं. लग्न झालं. मग दुसरं काही निघालं. दोन वर्षं गेली, आणि न सांगता जांबोटीला तोंड दाखवता येत नव्हतं म्हणून दोन वर्षं मी बहिणीला भेटलोही नाही.

एका दुपारी एक बाई नव्यानं लग्न झालेल्या मुलीला घेऊन दुकानात आली आणि तिला म्हणाली, "ह्यांच्या पाया पड. देवानं हात दिलाय बघ ह्यांना." मुलगी वाकली. मी पाय मागं घेतले आणि त्या बाईला वाटलं हा माझा विनय. दुसऱ्या दिवशी सकाळी मी निपाणीची मोटार धरली.

मालकीणबाई ओसरीवरच होत्या. त्यांची आत्या मधल्या काळात गेली होती. मी बसलोसुद्धा नाही. सगळं सांगितलं. अत्तर बहिणीचं, लावायला सांगितलं मी, तुमच्यासमोर खोटं बोललो मी.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "कुठली बहीण? आलती व्हय कोण तुमच्याबरोबर?"

मी रथसप्तमीची आठवण दिली. त्यांनी खरोखर आठवायचा प्रयत्न केला. "असंल बाई. त्या गर्दीत कुणाचं काय." आणि उठता उठता म्हणाल्या, "अत्तर आणलंय न्हवं?"

त्याच आठवड्यात मी जांबोटीला पोचलो. अंगणात भात वाळत घातलं होतं आणि आक्का त्यातून चालत पायानं ते फिरवत होती. वाळली होती.

"सांगितलंस?"

"सांगितलं."

"काय म्हणाली?"

खोटं बोलायचं मनात आलं होतं. चूक झाली म्हणाल्या, असं सांगितलं असतं तर कदाचित तिला बरं वाटलं असतं. पण मी म्हणालो, "तिला आठवत न्हाय."

आक्का अंगणाच्या त्या टोकापर्यंत गेली, वळली, परत आली. पायाखाली भाताचा आवाज तेवढा होत होता.

"म्हणजे मी उगंच हात घासला," ती म्हणाली. "तिच्यासाठी न्हवतं रं पाठवलं तुला. तुझ्या तोंडातनं निघतंय का बघायचं हुतं. दोन वर्षं लागली तुला."

"आता चल."

"न्हाय येत. राग न्हाय माझा. हितं मी राबते, पण जे करते ते मी केलं म्हणून सगळ्यांस्नी ठाव असतंय. भात निवडलं तर मी निवडलं. तिकडं तसं न्हाय."

 तिनं मला पाणी दिलं. मी पीत असताना म्हणाली, "तू आंगणात आलास तवाच वास आला. तिरफळाच्या बिया काढत न्हाईस."

मी खरंच काढत नव्हतो. वेळ वाचवायला अख्खं कुटून घेत होतो.

"तेच कडू लागतंय. बिया काढ."

"आणि शेवटचे थेंब?"

"ते काय सांगू? हात धरून तीन वर्षं दाखवलं तुला." तिनं रिकामा तांब्या घेतला. "जेवून जा. मोटार चुकली तर चालावं लागंल."

जेवलो आणि निघालो. बिया काढल्यावर कडवटपणा गेला. पण पहिला गार वास आणि नंतरची ऊब यांच्यामध्ये जी जागा ती भरून काढायची ती मला कधीच भरता आली नाही. कधी लिंबू फार, कधी लवंग उघडी. लोकांना फरक कळला नाही. मला कळत होता, आणि मी तेच विकत राहिलो. निपाणीत सांगून आलो तेवढ्यानं फिटलं असं समजून दुकानात कुणी विचारलं की "घरीच केलंय" एवढंच म्हणत राहिलो.

पुढं मी ते अत्तर बंद केलं. मन खाऊ लागलं म्हणून बंद केलं, असं इथं लिहायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही. दुसऱ्या महायुद्धात म्हैसूरकडचं चंदनाचं तेल मिळेनासं झालं, म्हणून ते बंद पडलं.